पाणी आलं, प्रभू

जय ख्रिस्त, मंडळी. इंदूरहून बोलतोय. मागे निळा ड्रम दिसतोय ना, तो मुद्दाम ठेवलाय. आवरायचा राहिलेला नाही.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. नर्मदेचं पाणी, जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, पंपांनी वर चढवून आणलेलं. आजी पहाटे उठून आधी नळाखाली बोट धरायची. सुरुवातीला नुसती हवा फुसफुसते, मग एक गढूळ गुळणी, मग धार. धार लागली की म्हणायची, “पाणी आलं, प्रभू.” आमेन नाही, काही नाही. लगेच बादली सरकवायची. लहानपणी मला वाटायचं, ही देवाला बातमी देतेय.

आजचा विषय तोच, रोजची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं. शब्द आपल्या मराठी बायबलातला. एरवी घरात आपण कुणाचे आभार मानत नाही. आईनं पोहे पुढे ठेवले आणि तुम्ही ‘आभारी आहे’ म्हणालात, तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल! आणि ‘उपकार’ म्हटलं की आपल्याला पाठोपाठ सुचतं ‘फेडणं’. घोळ इथेच होतो. देवाशीही हिशेब सुरू: नोकरी लागली, आता इतके रविवार चुकवायचे नाहीत. अहो, जे कृपेनं मिळालं ते फेडणार कसं? स्तोत्र 103 फेडायला सांगतच नाही. ते जिवाला बजावतं, त्याचे उपकार विसरू नको. बस.

लूकच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येतात. येशू म्हणतो, जा, स्वतःला याजकांना दाखवा. वाटेतच ते बरे होतात. आभार मानायला परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांतला. खरं सांगू? मला त्या नऊ जणांचा राग येत नाही. त्यांनी सांगितलं तेच केलं. याजकानं शुद्ध ठरवल्याशिवाय त्यांना वस्तीत घेत नव्हते, आणि घरी माणसं वाट बघत असणार. मीही तसाच पळालो असतो. पळतोच. मागण्यांची यादी मला तोंडपाठ असते. एखादी पुरी झाली की यादीतून जाते, बोलण्यातूनही जाते.

प्रेषित पौल थेस्सलनीकातल्या मंडळीला पत्रात लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. ‘स्थितीत’ म्हणतोय. आजारपणात आभार माना, आजाराचे नव्हे. (इफिसकरांस 5:20 मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ असं आहे, ते काढून भांडायला काही जण येणारच. या, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.) आणि हे लिहिणारा माणूस फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री सोबती सीलाबरोबर देवाची गाणी म्हणत होता. आरामखुर्चीतला सल्ला नाही हा.

करायचं काय? रात्री मागण्याआधी आजचं एकच काही सांगा, पण नेमकं. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ म्हणजे बहुतेक वेळा कशाबद्दलच नाही. रिक्षावाल्यानं विसरलेली छत्री परत आणून दिली, हे चालेल.

नळ यायचा दिवस असून आला नाही, तर? आजी ड्रमचं झाकण उचलून आत डोकावायची. “परवाचं आहे, प्रभू.” आणि झाकण ठेवल्याबरोबर बाबांना तक्रारीचा अर्ज लिहायला बसवायची.