स्पर्धेत गाणं कुठे असतं?

मंडळी, टीव्हीवरच्या गायनस्पर्धांनी संगीत व्यवसायाचं काय केलं, यावर मला बोलायचं आहे. बोलतोच. पण आधी एक प्रकरण सांगू द्या, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

२००८चा डिसेंबर. ब्रिटनमध्ये 'द एक्स फॅक्टर' ही टीव्हीवरची गायनस्पर्धा अलेक्झांड्रा बर्क जिंकली. विजेतीचं पहिलं गाणं म्हणून तिच्या हाती आलं 'हॅलेलुया', कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याचं १९८४ सालचं गाणं. कोहेन ते किती खालच्या, खोल आवाजात म्हणतो! स्पर्धेने त्याला कोरस दिला, टिपेला जाणारा शेवट दिला. नाताळात ते विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. त्यावर चिडलेल्या रसिकांनी गायक जेफ बकलीने गायलेलं त्याच गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग विकत घेतलं, ते दुसऱ्या क्रमांकावर! आणि खुद्द कोहेन? ३६व्या. एक गाणं, एक आठवडा, तीन गळे. लोक म्हणतात, कोहेन घराघरांत पोहोचला ना? पोहोचला, आनंद आहे. पण एवढ्या गजरात नवं गाणं कुठे होतं?

थांबा, पुढचं वर्ष राहिलंच. २००५पासून सलग चार नाताळ या स्पर्धेच्या विजेत्यांनी पहिला क्रमांक पटकावला होता. २००९ साली वैतागलेल्या श्रोत्यांनी मोहीम काढून 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडला वर नेलं. गाणं कुठलं? १९९२चं! बंड करायलासुद्धा जुनंच गाणं लागलं. हसताय, पण माझं दुखणं हेच आहे.

२००२ साली 'पॉप आयडॉल' या ब्रिटनमधल्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोघांनीही 'एव्हरग्रीन' रेकॉर्ड केलं. तेही आधी 'वेस्टलाइफ' या बँडच्या अल्बमवर येऊन गेलेलं. गाणं शिवून तयार, ते ज्याच्या अंगाला बसेल तो राजा. मग कवी आणि संगीतकाराने त्या गळ्याचा विचार करायचा कधी?

आपल्याकडेही परीक्षक हरकतीला दाद देतात, मुरकीला देतात, वरच्या सुराला तर उभं राहून देतात. ती हरकत जिच्यावर घेतली ती चाल कुणाची, हे विचारतं कोण?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगतो. स्पर्धा गळे शोधते, हे खरंच. श्रेया घोषाल तिथूनच आली. पण 'देवदास'मध्ये तिच्यासाठी नव्या चाली बांधल्या गेल्या, म्हणून २००२ साली देशाने तिला ओळखलं. अरिजित सिंग २००५ साली 'फेम गुरुकुल' जिंकला नाही. पुढे त्याने संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काम केलं, आणि २०१३ साली 'तुम ही हो' आलं. 'वन डायरेक्शन' हा बँड 'एक्स फॅक्टर'मध्ये तिसरा आला होता, गायिका जेनिफर हडसन 'अमेरिकन आयडॉल'मध्ये सातवी. तिला पुढे ऑस्कर मिळालं. निकाल आणि कारकीर्द यांचा संबंध इतका सैल आहे.

व्यवसायाचं गणित सोपं आहे. ओळखीचं गाणं प्रेक्षकाला चॅनल बदलू देत नाही. जुन्या गाण्यांच्या मालकांना त्यातून रॉयल्टी मिळते. विजेत्याच्या हाती मात्र पुढचा विजेता येईपर्यंतचाच काळ, आणि एवढ्यात त्याचं स्वतःचं गाणं घडत नाही. शिवाय दोन-तीन मिनिटांत छाप पाडायची, म्हणून सावकाश उलगडणारी चाल स्पर्धक निवडतच नाहीत. तो कान घेऊनच ते उद्या स्टुडिओत जातात.

माझी मागणी एकच. प्रत्येक हंगामात निदान एक फेरी कोऱ्या गाण्यांची ठेवा. कवी आणि संगीतकार मंचावर बसवा, त्यांची नावं गायकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत दाखवा, आणि गुण तिघांना मिळून द्या.