लस दिली नाही, शिक्षा कोणाला?

सक्तीच्या लसीकरणाचा विषय निघाला ना की भांडण दोघांचंच असल्यासारखं रंगतं, एकीकडे सरकार, दुसरीकडे आईबाप, आणि ज्याला सुई टोचायची ते पोर कुठेच नसतं. मला आज त्या पोराच्या बाजूने बोलायचंय.

नेहमीचा मुद्दा तुम्हाला पाठ असेल, गोवर एका पेशंटकडून 12 ते 18 जणांना होऊ शकतो, म्हणून साधारण 95 टक्के लोकांना लस मिळाली तरच लस घ्यायचं वय न झालेली तान्ही बाळं सेफ राहतात. मान्य. पण धनुर्वात घ्या. तो माणसाकडून माणसाला होतच नाही, मातीतले जंतू जखमेत जातात, म्हणजे शेजारच्याने लस घेतली काय न घेतली काय, माझ्या पोराला काडीचा फरक पडत नाही. मग तिथे सक्ती कशाच्या जोरावर? फक्त त्या मुलाच्या स्वतःच्या हितासाठी, दुसरं कारण उरतच नाही.

चेक रिपब्लिकमध्ये 2003 साली एका बापाला दंड झाला, पोरांना पोलिओ, हेपटायटिस बी आणि ही धनुर्वाताचीच लस दिली नाही म्हणून. इतर काही पालकांच्या मुलांना बालवाडीत घेतलं नाही. प्रकरण गेलं स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टात, आणि एप्रिल 2021 मध्ये 17 पैकी 16 जजनी चेक सरकारची बाजू उचलून धरली, म्हणाले की मुलाचं आणि एकूणच मुलांचं हित केंद्रस्थानी हवं. इथे मी जरा थबकतो, कारण 'एकूणच मुलांचं' म्हटलं की समोरचं एक मूल त्यात सहज हरवतं. बालवाडी बंद ही शिक्षा नाही, इतर मुलांचं संरक्षण आहे, असं कोर्ट म्हणतं, पण तीन वर्षांच्या पोराला हा फरक कोण समजावणार?

जर्मनीत 2020 पासून गोवराचा कायदा आहे, तिथे शाळा सक्तीची असल्यामुळे मोठ्या मुलांना बाहेर काढत नाहीत, पालकांना 2500 युरोपर्यंत दंड लावतात. हे मला जास्त पटतं, जरी पैसेवाला दंड भरून मोकळा होतो हेही खरंय. कॅलिफोर्नियाने 2015 च्या कायद्याने वैयक्तिक मतावरची सूट काढली, मग लस न घेतलेलं मूल घरीच शिकणार. म्हणजे आईबापांपायी लस गेली आणि कायद्यापायी शाळा!

अमेरिकन सुप्रीम कोर्टाने 1944 मध्येच म्हटलंय की आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायचं तर खुशाल व्हावं, पोरांना हुतात्मा करायचा हक्क त्यांना नाही. गंमत म्हणजे ती केस लसीची नव्हतीच, एका लहान मुलीने रस्त्यावर धार्मिक मासिकं विकण्याची होती.

आणि पोर पंधरा वर्षांचं असलं तर? 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार म्हणतो की वय आणि समज बघून मुलाच्या मताला वजन द्या. आईबाप नको म्हणतायत आणि त्याला लस हवीय, तर त्याच्या स्वतःच्या सहीवर मिळावी, यात मला तरी काही अवघड दिसत नाही. उलटं असेल, म्हणजे आईबाप हो म्हणतायत आणि तोच नको म्हणतोय, तिथे मात्र मी अजून अडलोय, बोलू आपण प्रश्नोत्तरांत.