टाकी तीच, जाळी नवी
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : चिऱ्याचा गोठा, दार उघडते. सुरुवातीला निवेदन नाही.]

रत्नागिरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या या वाडीत, जांभ्या चिऱ्यांनी बांधलेल्या जुन्या गोठ्यात 1930 सालची फोर्ड मॉडेल ए उभी आहे. गोठ्यात आता गुरे नाहीत. हंगामात येथे हापूसची अढी लागते आणि उरलेले महिने ही गाडी पेंढ्याच्या धुळीत एकटीच असते. गाडीच्या मालकांना सारी वाडी अण्णा म्हणते, म्हणून आपणही अण्णाच म्हणू. त्यांच्या आजोबांनी ती कोल्हापुरात कोणाकडून तरी वापरलेली घेतली आणि घाट उतरवून घरी आणली, असे घरात सांगतात.

डिसेंबर 1927 मध्ये लोकांसमोर आलेले हे मॉडेल फोर्डने 1931 पर्यंत, सुमारे 48 लाखांच्या संख्येने बनवले. चार सिलिंडर, 3.3 लिटरचे इंजिन आणि 40 अश्वशक्ती एवढाच त्याचा संसार. पेट्रोलची टाकी चालकाच्या पुढ्यात, काचेच्या खाली असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने, ते हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे उतरते. ब्रिटिश साम्राज्यात लागणाऱ्या, सुकाणू उजवीकडे असलेल्या गाड्या प्रामुख्याने फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्याकडून येत असत.

[दृश्य : गाडीचा दर्शनी भाग, जवळून. सकाळचे ऊन.]

गाडीच्या चेहऱ्याभोवतीची ही चकचकीत चौकट पाहा. 1928 आणि 1929 च्या गाड्यांवर तिला निकेलचा मुलामा असे. 1930 पासून ती न गंजणाऱ्या पोलादाची झाली. किनाऱ्यावरचा खारा वारा ज्या घरात दाराच्या बिजागऱ्याही टिकू देत नाही, तेथे ही चौकट अजून तोंड पाहता येईल इतकी लखलखीत आहे. मात्र तिच्या आतल्या रेडिएटरचे, म्हणजे इंजिनाचे तापलेले पाणी निववणाऱ्या भागाचे, नशीब तसे नव्हते. ही त्याच्याच दुरुस्तीची गोष्ट.

रेडिएटरची रचना सांगायला सोपी आहे. वर पितळेची एक टाकी, खाली दुसरी, आणि दोघींच्या मध्ये उभ्या बारीक नळ्यांची, तांब्याचे पातळ पत्रे ओवलेली जाळी. इंजिनात तापलेले पाणी पंप वरच्या टाकीत ढकलतो, नळ्यांतून उतरताना ते वाऱ्याने निवते आणि खालच्या टाकीतून पुन्हा इंजिनात जाते. साऱ्या यंत्रणेत साडेअकरा लिटरच्या आसपास पाणी मावते. आजच्या गाडीच्या रेडिएटरचे टोपण साधारण 1 बारचा जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे तिचे पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. या गाडीत दाब मुळीच नाही. पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळते आणि घाटात दर 300 मीटर चढाईला जवळपास एका अंशाने आधीच. पूर्वीचे चालक घाट चढताना बादली सोबत ठेवत, ते उगीच नव्हे.

अण्णांचीही बादली होती. तीन-चार मैल गेले की गाडी पाणी मागे. बोनेटखालून वाफ येई, थांबून पाणी घालावे लागे, आणि पुढच्या तीन-चार मैलांनी पुन्हा तेच. गाडी गरम होते, रेडिएटर गेला, असा निदानाचा शिक्का केव्हाच बसला होता. ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवून मोकळे व्हावे, असा सल्ला देणारेही बरेच भेटले. अण्णांनी तो मानला नाही, आणि आमच्या मते बरे केले.

[दृश्य : बोनेट उतरवताना. रेडिएटर उचलून बाहेर.]

बोनेट आधी उतरते. मग इंजिनामागच्या पडद्यापासून रेडिएटरच्या माथ्यापर्यंत आलेल्या दोन आधारदांड्या सुटतात, वरचा आणि खालचा रबरी होज निघतो, आणि शेवटी तळातले दोन बोल्ट. तळाचा नळ उघडल्यावर जे बाहेर आले, ते पाणी म्हणण्यासारखे नव्हते. पहिल्या पावसात पायवाटेवरून वाहणाऱ्या लाल लोंढ्यासारखे ते दिसत होते. इंजिनाचा बीड लोखंडाचा ठोकळा आतून गंजत राहतो आणि तो गंज नळ्यांच्या तोंडाशी साचतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि गाडीत वर्षानुवर्षे तेच पडत आले होते. क्षार पितळेतले जस्त खातात. मग मागे उरतो तो लालसर, ठिसूळ, सच्छिद्र पत्रा.

रेडिएटर टेम्पोत घालून रत्नागिरीला आला. ज्यांच्याकडे आला त्यांना गिऱ्हाईक चाचा म्हणते. ट्रक, जीप, मच्छीमार होड्यांची इंजिने, जनरेटर अशा सगळ्यांचे रेडिएटर त्यांनी आयुष्यभर खोलले. आता नव्या गाड्यांच्या रेडिएटरला ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. त्या दाबून बसवलेल्या असतात आणि तडकल्या की अख्खा रेडिएटर बदलला जातो. चाचांच्या कारखान्यातल्या भट्टीवर त्यामुळे बहुतेक दिवस चहाच तापतो.

[दृश्य : पाण्याचा हौद. रेडिएटर बुडतो. बुडबुडे.]

रेडिएटरची तोंडे बंद करून त्यात पायपंपाने हलकी हवा भरली जाते आणि तो हौदात बुडवला जातो. जेथून बुडबुडे येतील तेथे गळती. चाचा खडूने खुणा करू लागले आणि सातव्या-आठव्या खुणेनंतर त्यांनी खडू खिशात ठेवला. जाळी मेली होती, हे त्यांनी मोजून नव्हे तर खडू ठेवून सांगितले.

तरीही टाक्या फेकायच्या नव्हत्या. तांबे आणि पितळ या धातूंचे मोठेपण येथे आहे. त्यांचे सांधे शिसे-कथलाच्या सोल्डरने जोडलेले असतात. ते दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळते आणि तांबे 1085 अंशांवर. म्हणजे जोड सुटतो, पण जोडलेली वस्तू शाबूत राहते, आणि पुन्हा जोडता येते. दुरुस्तीची मुभा गाडी बनवणाऱ्याने धातूतच ठेवलेली आहे. ॲल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलके असते, हे मान्य; पण उष्णता वाहून नेण्यात तांबे त्याच्या दीडपटीहून पुढे आहे, आणि रस्त्याकडेच्या कारागिराला ते आजही उघडता येते.

[दृश्य : ज्योत. सोल्डर वितळून थेंब. वरची टाकी सुटते.]

ज्योत सांध्यावरून सावकाश फिरते, सोल्डरला पारा चढतो, ओल्या फडक्याचा एक झटका बसतो आणि टाकी अलगद हातात येते. हे सगळे फार तर पाच मिनिटांत झाले, परंतु त्यानंतर चाचा बराच वेळ टाकीच्या आत पाहत राहिले. पंपाने जोरात आलेले पाणी थेट वर उसळू नये म्हणून मॉडेल एच्या वरच्या टाकीत, पाणी शिरण्याच्या तोंडासमोर, एक पितळी पडदी असते. ती सुटून टाकीच्या तळाशी आडवी पडली होती. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचे तोंड टाकीत वरच्या बाजूला उघडेच असते. पडदी नसल्यामुळे वेग वाढला की पंप त्या नळीतून पाणी सरळ रस्त्यावर फेकत होता. गाडी तापल्यामुळे पाणी जात होते, असे इतकी वर्षे सगळे समजत होते; वास्तविक पाणी जात असल्यामुळे गाडी तापत होती. टाकी उघडली नसती तर नवी जाळी घालूनही बादली सुटली नसती, आणि अख्खा रेडिएटर बदलला असता तर हे कारण कोणाला कधी कळलेही नसते.

जाळीचे माप घेऊन ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतली. तो प्रवास आम्हाला चित्रित करता आला नाही. नळ्यांची संख्या आणि जाळीची जाडी जुन्या मापाचीच ठेवली आहे.

[दृश्य : टाकी घासताना हात. आमसुलाचे पाणी.]

टाक्यांवरचा हिरवा थर काढायला चाचांनी आम्ल आणले होते. अण्णांच्या घरून मात्र आमसुलाच्या पाण्याचे भांडे आले, कारण घरातली पितळी समई आणि ताम्हण त्यानेच उजळतात. बाहेरून टाकी त्या पाण्याने घासली गेली, आतून आम्लाने. दोन्ही पक्षांचा मान राहिला. पोचे लाकडी हातोडीने आतून ठोकून काढले. मग सांध्याच्या कडांना कथील चढवले. कल्हईवाला भांड्यावर नवसागर टाकतो तो धातूवरचा मळ जाऊन कथील धरावे म्हणून. येथे तेच काम हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेला द्राव करतो. कथील चढलेली कड चांदीसारखी दिसली की तेथे सोल्डर पाण्यासारखे धावते. नाही चढले तर गोळी होऊन घरंगळते. पडदी तिच्या जुन्या खुणेवर बसवून दोन्ही बाजूंनी पक्की केली, नळ्यांच्या तोंडांची पट्टी टाकीत बसवली, आणि सांधा सलग, न थांबता, एका दमात फिरवला गेला. मध्ये थांबले तर तेथेच गळते, असे चाचांचे म्हणणे आहे.

[निवेदन नाही. फक्त ज्योतीचा आवाज आणि चाचांचा चेहरा.]

सोल्डरमध्ये शिसे असते आणि त्या द्रावाचा धूर घशाला लागतो, म्हणून कारखान्याची दोन्ही दारे उघडी असतात. चाचांच्या मुलांनी हे काम घेतलेले नाही.

दुसऱ्या दिवशी हौदात पाणी शांत राहिले. जाळीला काळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला, कारण जाड थर उष्णता अडवतो. गाडीत विहिरीचे पाणी न घालता, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि गंज रोखणारे कूलंट घातले. ते टोपणापर्यंत न भरता जाळी बुडेल इतपतच ठेवले.

[दृश्य : आरे-वारेचा चढ, उजवीकडे ऑक्टोबरचे ऊन, डावीकडे समुद्र.]

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेला रस्ता किनारा सोडून डोंगराच्या कडेवर चढतो. टोपणावर बसवलेला हा गोल उष्णतामापक चालकाला काचेतून दिसतो. त्याचा दांडा पाण्यात बुडत नाही, पाण्यावरच्या वाफेचे तापमान दाखवतो. चढाच्या मध्यावर लाल रेषा वर सरकली, माथ्याच्या अलीकडे तिथेच थांबली, आणि उतारावर खाली आली. अण्णांच्या पायाशी बादली होती. ती भरूनच आणली होती.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, तिचा क्रमांक व्हीए मालिकेतला असतो आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. अण्णांचा अर्ज अजून व्हायचा आहे. खर्च किती आला, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले नाही.

[दृश्य : माथ्यावर गाडी थांबलेली. गाडीखाली डांबरावर थेंब.]

गाडी थांबल्यावर नळीतून थोडे पाणी ठिबकले आणि मागच्या सीटवरून कोणीतरी गळतंय म्हणून ओरडले. ही गळती नव्हे; पाणी तापून फुगते, टाकीत जादा झालेले सोडते आणि आपली पातळी आपणच धरते. चाचा खाली वाकून थेंब मोजत होते. पाच-सहा थेंबांनंतर ते थांबले. इंजिन निवेपर्यंत अण्णा कठड्यावर बसून राहिले. मग त्यांनी फडक्याने टोपण उघडून आत पाहिले, पाणी न घालताच ते पुन्हा बसवले आणि बादली रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीत ओतली.