आपण बरं, आपलं काम बरं

(कोजागिरीच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. भूल देणाऱ्या बाईला भाषणाला उभं केलंय, तेही मसाला दूध पोटात गेल्यावर. कुणाचा डोळा लागला तर मी माझं काम चोख केलं असं समजा.

ब्रिटनमधल्या आपल्या या मंडळात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट पुष्कळ. बहुतेक सगळे ‘आपण बरं, आपलं काम बरं’ ऐकत वाढलेले. व्हिसावर होते तोवर मीही तेच म्हणायचे. पण आपलं काम नेमकं संपतं कुठे?

थिएटरमध्ये माझं लाडकं यंत्र होतं, डेस्फ्लुरेन या भुलीच्या औषधाची वाफ करणारं निळं व्हेपोरायझर. याला वीज लागते; प्लग लावून ते गरम व्हायची वाट बघायची. पेशंट झटकन शुद्धीवर येतो. पण श्वासातून घेतलेला हा वायू तो जवळजवळ जसाच्या तसा सोडतो, आणि नळीतून तो थेट बाहेरच्या हवेत जातो. वजनास वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट पृथ्वी तापवणारा! शिकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग भूलतज्ज्ञांनीच आकडे मांडले, आपापल्या विभागात भांडले. मला तर एका ज्येष्ठांनी ‘हवामान खात्यात बदली घे’ असं सुनावलं. २०२३ मध्ये स्कॉटलंडने डेस्फ्लुरेन बंद केला, पाठोपाठ इंग्लंडनेही, मोजके अपवाद सोडून.

लंडनमधल्या लुइशमची एला अडू-किसी-डेब्रा आठवते? साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी, २०१३ मध्ये दम्याने गेली. आई रोझामंड गप्प बसल्या नाहीत. दम्याचे तज्ज्ञ डॉक्टर प्रोफेसर स्टीफन होलगेट यांनी एलाचं आजारपण आणि जवळच्या केंद्रांवरच्या प्रदूषणाच्या नोंदी ताडून पाहिल्या. चौकशी पुन्हा उघडली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरनी, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. या देशात पहिल्यांदाच. आईचा हट्ट होताच, पण त्याला डॉक्टरच्या कागदाचा आधार लागला. गर्दीच्या रस्त्याकडेला घर कुणाचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शांततेचंही तसंच. १९८० मध्ये अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत रशियाचे येवगेनी चाझोव, दोघे हृदयरोगतज्ज्ञ, एकत्र आले. म्हणणं साधं होतं: अणुबॉम्ब पडल्यावर आम्हाला बोलावू नका, आमच्याकडे इलाज नाही. त्यांच्या संघटनेला १९८५ चं शांतता नोबेल मिळालं. आणि गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग दारूमुक्तीसाठी लोकांबरोबर उभे राहिले. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. तेव्हा हे काही फक्त गोऱ्यांचं खूळ नाही.

सध्या आमच्याकडे नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे भुलीच्या आणखी एका पृथ्वी तापवणाऱ्या वायूचा, हिशोब चाललाय. सिलिंडर रिकामे होतात त्या मानाने पेशंटला दिलेला वायू अगदीच कमी; बाकीचा भिंतीतल्या नळ्यांतून गळतो. तुमच्या हॉस्पिटलात अजून कुणी मोजलं नसेल, तर दुधाच्या पातेल्यापाशी मला गाठा. तक्ता फोनमध्ये आहे.