खासदाराकडे काय मागायचं?

मंडळी, निवडणूक जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, यंदा कुणाला? मला आज त्याच्या आधीच्या प्रश्नावर बोलायचं आहे. आपण माणूस निवडतोय तो नेमका कुठल्या कामासाठी?

लोकसभेच्या प्रचारात आमच्या सोसायटीच्या आवारात एका उमेदवाराचे कार्यकर्ते आले होते. पहिली तक्रार तुंबलेल्या गटाराची निघाली, दुसरी पाण्याच्या दाबाची, तिसरी फुटपाथची. कार्यकर्त्याने तिन्ही वहीत उतरवून घेतल्या आणि ‘साहेबांच्या कानावर घालतो’ म्हणाला. ही तिन्ही कामं महापालिकेची आहेत. म्हाडाची इमारत, झोपडपट्टी पुनर्वसन, पोलीस ठाणं हे राज्य सरकारचं, म्हणजे आमदाराकडे मागायचं. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं पालिका प्रशासकाच्या हाती राहिली. गाऱ्हाणं घेऊन जायला जवळचं माणूस उरलं नाही, मग लोक दारात येईल त्याला सांगू लागले. त्यांची अडचण मला समजते. पण त्या संध्याकाळी तासभर बोलणं झालं आणि लोकसभेत ज्यावर बोलता येतं असा एकही विषय निघाला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण मुंबईचे असे विषय कमी आहेत का? लोकल रेल्वे केंद्राची. मुलुंड, भांडुप, कांजूरपर्यंतची मिठागरं, त्यातली बरीचशी जमीन केंद्राची. माझगाव ते वडाळा पसरलेली बंदराची जमीन, विमानतळाच्या हद्दीतल्या झोपड्या, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडच्या गिरण्या आणि त्यांच्या चाळी, किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सीआरझेड नियम, सगळ्यांची दोरी दिल्लीत. चाळीतला माणूस वीस वर्षं पुनर्विकासाची वाट बघतो, आमदाराच्या कार्यालयात खेटे घालतो, आणि जमीन असते केंद्रीय महामंडळाची.

एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनचा पूल आठवा. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. पाऊस आला म्हणून माणसं जिन्यावर थांबली, मागून गाड्यांमधून उतरलेली गर्दी येतच राहिली. २३ माणसं चेंगरून गेली. सकाळी डबा घेऊन कामावर निघालेली माणसं होती ती. तो पूल अपुरा आहे हे त्या दिवशी कळलं असं मुळीच नाही. गिरण्या जाऊन तिथे कार्यालयं उभी राहिली तेव्हापासून तिथली गर्दी वाढतच होती. रुंद पुलाची मागणी झालेली होती, पत्रव्यवहार झालेला होता. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल लोकांसाठी खुला झाला. पाच महिन्यांत पूल होऊ शकत होता, हे मला आजही स्वस्थ बसू देत नाही. असा विषय सभागृहात रेटून धरणं, उत्तर मिळेपर्यंत मंत्र्याचा पिच्छा न सोडणं, हे खासदाराचं काम. दारात आलेल्या उमेदवाराला गटाराबद्दल विचारू नका. तुमच्या स्टेशनचं नाव घ्या आणि विचारा, इथल्या पुलासाठी, इथल्या फलाटासाठी तुम्ही काय करणार? तो काय बोलतो त्यावरून त्याला स्टेशन माहीत आहे की नाही हे लगेच कळतं.

तोच उमेदवार आधी खासदार असेल तर त्याचं पाच वर्षांचं काम उघडं पडलेलं असतं. अधिवेशनात सकाळी ११ ला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने हे प्रश्न शोधता येतात. नुसता आकडा बघून भुलू नका. दहा प्रश्न उघडून वाचा. आपल्या मतदारसंघाचं काही आहे का? तोच विषय पुन्हा लावून धरला आहे का? आणि मंत्री झालेला खासदार हजेरीपटावर सही करत नाही, प्रश्नही विचारत नाही, तेव्हा त्याला त्या मापाने मोजू नका. त्याच्या खात्याचा कारभार बघा.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न, पक्ष बघायचा की माणूस? १९८५ साली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची घटनेत आली. पक्षाने व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश काढला की खासदाराला त्याप्रमाणेच मत द्यावं लागतं, नाहीतर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही कितीही सज्जन, अभ्यासू माणूस पाठवा, कायद्यावर मतदान होईल तेव्हा त्याचा हात पक्ष सांगेल तसाच वर जाणार. म्हणून ‘माणूस चांगला आहे, पक्ष कुठलाही असो’ हे लोकसभेला मला पटत नाही. कामगार कायदा, करआकारणी, शिक्षणाचं धोरण यावर तुमचं काही मत असेल तर पक्षाचा जाहीरनामा आणि त्याहूनही पक्षाने मागच्या पाच वर्षांत केलेलं मतदान बघा. माणसाचा कस लागतो तो इतरत्र, प्रश्नांमध्ये, स्थायी समित्यांमध्ये, तातडीचे विषय मांडायच्या शून्य प्रहरात, वर्षाला ५ कोटींचा खासदार निधी कुठे सुचवला त्यात. माझा क्रम सांगते. आधी पक्ष. पण उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात मला न खपणारं काही दिसलं, तर पक्ष आवडीचा असला तरी माझं मत त्याला नाही.

हे प्रतिज्ञापत्र म्हणजे उमेदवारी अर्जासोबत भरायचा नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते आपल्या हातात आलं. त्याआधी आपण उमेदवाराबद्दल ऐकीव गोष्टींवर मत देत होतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते उतरवून घेता येतं. लोक पहिल्यांदा मालमत्ता बघतात, कोटी मोजतात आणि बंद करतात. तुम्ही गुन्ह्यांच्या रकान्यापाशी थांबा. तिथे गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का हे लिहिलेलं असतं. मोर्चा काढला, जमावबंदी मोडली म्हणून लागलेलं कलम वेगळं आणि खंडणी, मारहाण, स्त्रीवरच्या अत्याचाराचं कलम वेगळं. आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली किती माणसं तुरुंगात गेली होती! ‘पाच गुन्हे’ एवढंच वाचून निकाल देणं अन्याय होईल. कलमं वाचा. मग सरकारी देणी थकली आहेत का, कर्ज कुणाकडून घेतलं आहे, पती किंवा पत्नीच्या नावावर काय आहे, ते रकाने बघा.

आणखी एक कागद फार कमी लोकांना माहीत आहे. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना सांगितलं की गुन्हे असलेला उमेदवार का निवडला, स्वच्छ माणूस का नाही मिळाला, याची कारणं जाहीर करा. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही. हे कारण पक्षाला वर्तमानपत्रात आणि आपल्या संकेतस्थळावर द्यावं लागतं. ते शोधून वाचा आणि घरातल्या तरुण मुलांना वाचायला लावा.

राहिली एक शंका. मघाशी या मुलीने चिठ्ठी पाठवली आहे. पहिल्यांदाच मत देणार आहे ती. ‘मला पटलेला उमेदवार पडणार हे नक्की असेल तर मत वाया नाही का जाणार?’

बाळ, आधी ‘नक्की’ म्हणजे काय ते बघू. २०२४ ला उत्तर-पश्चिम मुंबईत निकाल लागला ४८ मतांनी. एका इमारतीच्या एका विंगमध्ये तेवढे मतदार असतात. त्याच मतदारसंघात पंधरा हजारांवर लोकांनी नोटाचं, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’चं बटण दाबलं होतं. नोटा २०१३ पासून आहे, निषेध म्हणून तो नोंदवला जातो. पण लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. त्यामुळे दोघांपैकी एक जरी तुला जास्त घातक वाटत असेल, तर नोटा दाबून तू त्याला अडवत नाहीस.

आणि खरंच लढत एकतर्फी असेल, तरी मन मारू नकोस. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत याच मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले, काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. बाबासाहेबांना तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास मतं मिळाली होती. ती मतं देणाऱ्यांनी वाया घालवली असं कुणी म्हणेल का? एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तर अनामत वाचते, आणि पुढच्या वेळी कुणाला उभं करायचं, कुणाशी जुळवून घ्यायचं, हे पक्ष याच आकड्यांवरून ठरवतात. केंद्रनिहाय आकडे घेऊन बसतात ते, कुठल्या गल्लीत किती पडली इथपर्यंत. तुझं मत तिथे मोजलं जातं.

मात्र त्यासाठी यादीत नाव हवं. घर बदललं असेल तर फॉर्म ८, नवीन नाव असेल तर फॉर्म ६. उमेदवारी अर्जाची मुदत जवळ आली की नाव घालणं थांबतं, तेव्हा मतदानाच्या आदल्या आठवड्याची वाट बघू नकोस. आज घरी गेल्यावर स्वतःचं नाव शोध, आईबाबांचं शोध, आणि शेजारच्या आजींचंही बघून दे.