इंजिनावर सही, मडगार्डला गंज

श्रोतेहो, नमस्कार. सत्तरच्या दशकातल्या जोरकस अमेरिकन गाड्या म्हटलं की मस्टँग, कॅमारो ही नावं लगेच तोंडावर येतात. आज मात्र अशा एका गाडीबद्दल बोलायचंय, जिचं नाव अमेरिकेतही फारसं कुणी काढत नाही, आणि काढलंच तर थोडं हसूनच. शेवरोले कॉसवर्थ वेगा. तळेगावला पूर्वी कारखाना होता, त्यामुळे शेवरोले आपल्याला परकी नाही. वेगा मात्र इकडे कधी आलीच नाही. बरंच झालं म्हणा! आपल्या कोकणातल्या पावसात तिचं काय झालं असतं ते पुढे ऐकालच.

आधी साधी वेगा. फोक्सवॅगन बीटल आणि जपानी गाड्यांना शह द्यायला जनरल मोटर्सने 1970च्या सप्टेंबरात ही छोटी गाडी बाजारात आणली. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. अशा ब्लॉकमध्ये एरवी पिस्टनसाठी लोखंडी लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवतात, कारण ॲल्युमिनियम मऊ, घासलं की झिजणार. इथे लायनरच काढून टाकले. धातूत साधारण 17 टक्के सिलिकॉन मिसळायचं, सिलिंडरच्या आतला पृष्ठभाग असा तयार करायचा की सिलिकॉनचे कठीण कण किंचित वर राहतील आणि पिस्टन त्यांच्यावरून सरकेल. कल्पना खरोखर हुशारीची होती. पण त्या हलक्या ब्लॉकवर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बसवलं ओतीव लोखंडाचं, आणि रेडिएटर ठेवला छोटा. गाडी एकदा तापली की पाणी गळायचं, सिलिंडरला ओरखडे पडायचे आणि इंजिन ऑईल खायला लागायचं. मग दुरुस्ती काय? लोखंडी स्लीव्ह, म्हणजे तेच लायनर, बसवा! जे वाचवलं, तेच गॅरेजमध्ये घालायचं.

आता पत्रा. गंज लागू नये म्हणून अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवायचे. पण पुढच्या मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकून राहायची आणि तेवढा भाग कोराच राहायचा. त्यात काटकसर म्हणून मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तरही वगळलेलं. चाकाने उडवलेला चिखल आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ नेमकं तिथेच जाऊन बसायचं. गाडी जुनी व्हायच्या आतच मडगार्डला भोकं.

कारखाना होता ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला. लाइनचा वेग तासाला 100 गाड्या, म्हणजे एका गाडीमागे 36 सेकंद. श्रोतेहो, घड्याळ बघा आणि 36 सेकंद मोजा. तेवढ्यात तुमच्या वाट्याचे बोल्ट आवळून व्हायला हवेत, कारण पुढची गाडी समोर आलेली असते. आणि हे दिवसभर. 1971च्या अखेरीस माणसं कमी केली, काम तेवढंच राहिलं. मार्च 1972मध्ये तिथल्या तरुण कामगारांनी संप केला. तीनएक आठवडे चाललेला तो संप अमेरिकेत आजही आठवला जातो. अर्धवट जोडलेल्या गाड्यांचा दोष मुद्दाम केलेल्या कामचुकारपणाला देणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. हवा अडकणारा कोपरा काही कामगाराने काढलेला नव्हता.

मौज अशी की डोकं लावलंच नाही असंही नाही. रेल्वेने गाड्या पाठवताना त्या नाकावर उभ्या करून एका वाघिणीत 30 कोंबायच्या. ऑईल सांडू नये म्हणून इंजिनात आडपडदा घातला, काच धुण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा तिरकी बसवली. गाडी उभी करून न्यायची कशी, याचा इतका बारीक विचार झालेला होता!

अशा या गाडीत इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनमधल्या कॉसवर्थच्या मदतीने खास इंजिन बसवायचं ठरलं. हे शर्यतीची इंजिनं बनवणारे लोक. दोन लिटर, 16 व्हॉल्व्ह, त्यांची उघडझाप करणारे दोन कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन. हेडही आता ॲल्युमिनियमचं. पण धुराच्या नियमांच्या चाचण्यांत वर्ष गेलं आणि 1975 साली गाडी आली तेव्हा ताकद उरली होती 110 हॉर्सपॉवर. किंमत 5,900 डॉलरच्या वर. त्यात आणखी हजारभर घातले तर शेवरोलेचीच स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट मिळायची. कंपनीने जाहिरातच केली, दोन वेगांच्या किमतीत एक वेगा. ग्राहकांनी ती शब्दशः घेतली असावी. दोन वर्षांत मिळून गाड्या बनल्या 3,508.

तरी ते इंजिन बघण्यासारखंच. न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला एकेक इंजिन हाताने जुळवलं जाई आणि जुळवणारा त्यावरच्या लेबलवर आपली सही करी. तिकडे 36 सेकंद, इकडे सही. आणि दोन्ही एकाच गाडीत. काळा रंग, सोनेरी पट्टे, डॅशबोर्डवर गाडीचा क्रमांक कोरलेली पट्टी. इंजिनं पाच हजारांच्या आसपास तयार झाली होती. उरलेल्यांना गाडीच मिळाली नाही. त्यांतली बरीचशी भंगारात गेली.

अशी एखादी गाडी आजही कधीतरी विक्रीला निघते. बघायला आलेल्या जाणत्याला ती सही बघायची असतेच. पण बोनेट उघडायच्या आधी तो वाकतो, पुढच्या मडगार्डच्या आत हात घालतो आणि वरच्या कोपऱ्यात बोटाने पत्रा दाबून बघतो.