बाजारात तुरी: हिवाळ्यातल्या बेसबॉलच्या गप्पा

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेलं हे बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून घेतलंय.

मंडळी, आत येताना दारातच मला तिघांनी एकच प्रश्न विचारला, अलोन्सो, म्हणजे आपल्या न्यूयॉर्क मेट्स टीमचा पीट अलोन्सो, राहतोय का जातोय? वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची फायनल, संपून दोन आठवडे झालेत, पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (तो मागे झेलणारे) आता सरावाला फेब्रुवारीच्या मध्यावरच फ्लोरिडा नाहीतर अ‍ॅरिझोनात दिसतील, म्हणजे पुढचे तीन महिने एक बॉल पडणार नाहीये, आणि तरी आपल्यातल्या कितीतरी घरांत जेवताना विषय हाच आहे, कोण कुठे जाणार, कुणाच्या बदल्यात कोण येणार, किती वर्षांसाठी आणि किती पैशात.

इथल्या जुन्या लोकांनी याला फार छान नाव दिलंय, हॉट स्टोव्ह लीग. थंडीत दुकानातल्या पेटत्या स्टोव्हभोवती बसून लोक बेसबॉलच्या गप्पा मारायचे त्यावरून ते पडलं. आपली शेकोटीच की ती. आणि आपल्याकडे यासाठी म्हणही तयार आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात काही आलेलं नाही, आणि भांडण मात्र सुरू. पण ही म्हण मी कुणाला हिणवायला वापरत नाहीये. तुरी घ्यायच्या का, काय भावानं घ्यायच्या, आणि त्यापायी घरातलं दुसरं काय कमी करायचं, हे बाजारात जायच्या आधीच बोलायला लागतं ना? सीझन सुरू झाला की आपण फक्त बघतो, हिवाळ्यात मात्र साधा फॅनसुद्धा टीम बांधायला बसतो, म्हणून मला हे तीन महिने मनापासून आवडतात.

आज मला एवढंच सांगायचंय की अंदाज करायचा असेल तर समोरच्याच्या खुर्चीत बसून करा. म्हणजे समोरच्या टीमच्या, आणि त्याहून जास्त, त्या खेळाडूच्या.

आपण आयपीएलमधून आलेले लोक, त्यामुळे आपल्या डोक्यात ऑक्शन असतं. गेल्या वर्षी जेद्दाहला ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली, हातोडा पडला, पंत लखनौचा झाला. तिथे पंतला कुणी विचारलं नाही की बाबा तुला कुठे जायचंय. बेसबॉलमध्ये मेजर लीगमधली, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमधली, सहा वर्षं पूर्ण झाली आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू फ्री एजंट होतो, मग तो आणि त्याचा एजंट सगळ्या टीम्सशी बोलतात आणि कुठे जायचं ते तो ठरवतो. त्याला सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याकडेच जायलाच पाहिजे असं काही नाही, त्याला समुद्राजवळ राहायचं असेल, जिंकणारी टीम हवी असेल, बायकोचं माहेर जवळ हवं असेल. म्हणून बोलणी महिनोन्महिने चालतात, आणि बोलणी चालतात म्हणून बातम्या फुटतात. पुढच्या महिन्यात ऑरलँडोला विंटर मीटिंग्ज आहेत, सगळ्या टीम्सचे लोक, एजंट, पत्रकार चार दिवस एकाच हॉटेलात, तेव्हा तर फोन खाली ठेवता येणार नाही.

आता ट्रेडचं, म्हणजे टीम्समधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचं सांगतो, कारण मी सगळ्यात जास्त शिकलो ते ट्रेडमध्ये, आणि तेही ट्रेनच्या डब्यात. एडिसनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीला आमचा एक ग्रुप असायचा, आपल्या लोकलमध्ये असतो तसाच, ठरलेला डबा, ठरलेल्या सीटा. त्यात एक इलेक्ट्रिशियन आजोबा होते, मेट्स १९६२ साली सुरू झाले तेव्हापासूनचे फॅन. एका डिसेंबरात मी त्यांना मोठ्या उत्साहानं माझा ट्रेड सांगितला, आपली ही तीन पोरं द्यायची आणि त्यांचा तो स्टार पिचर घ्यायचा. आजोबांनी खिशातून लाइट बिलाचं पाकीट काढलं, उलटं केलं, मधोमध उभी रेघ मारली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाले, उजव्या बाजूला आधी लिही, त्यांना काय मिळतंय ते. मी तीन नावं लिहिली. मग त्यांनी प्रत्येक नावापुढे एक चौकट काढली आणि विचारलं, याची किती वर्षं उरलीत? याला खेळवायला त्यांच्याकडे जागा कुठे आहे? आणि हा एवढा चांगला असेल तर तू का देतोयस? गाडी नेवार्कला पोचेपर्यंत माझ्या ट्रेडमध्ये काही उरलं नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, बहुतेक सगळे फॅन्स ट्रेड करतात ते या हिशोबानं, मीही तेच केलं होतं.

त्या चौकटीतला आकडा, वर्षं किती उरलीत, तो नीट समजून घ्या, सगळा खेळ त्यातच आहे. मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला २०१५ साली सीझन सुरू झाल्यावर काही दिवसांनी खालच्या लीगमधून वर आणलं, त्याचे त्या वर्षी १७१ दिवस भरले, एका दिवसानं त्याचं फ्री एजंट होणं वर्षभर पुढे गेलं आणि त्यानं केलेली तक्रार नंतर फेटाळली गेली. तरुण खेळाडूची ही पहिली वर्षं टीमला स्वस्तात पडतात, म्हणून तुम्हाला नावही माहीत नसलेला बावीस वर्षांचा मुलगा एखाद्या ऑलस्टारच्या बदल्यात मागितला जातो.

या पाकिटावर मांडून बघावा असा सगळ्यात सुंदर ट्रेड म्हणजे डिसेंबर २०२३ चा, हुआन सोटोचा. सान डिएगो पाद्रेजना खर्च कमी करायचा होता आणि पिचर्स पाहिजे होते, सोटोचं एकच वर्ष उरलं होतं. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमला, यांकीजना, त्याच वर्षी जिंकायचं होतं. त्यांनी मायकेल किंग, ड्रू थॉर्प, आणखी दोन पिचर आणि एक कॅचर असे पाच जण दिले आणि सोटोबरोबर ट्रेंट ग्रिशमला घेतलं. तेव्हा माझ्या ऑफिसातले यांकीजवाले हळहळत होते, एका वर्षासाठी पाच माणसं! आणि पुढे काय झालं बघा. किंगनं २०२४ मध्ये १३ मॅच जिंकून दिल्या. थॉर्पला पाद्रेजनी मार्चमध्येच शिकागो व्हाइट सॉक्सला दिला आणि डिलन सीज आणला, त्या सीजनं जुलैत नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्यांना एक हिट मिळू दिला नाही. पाद्रेज प्लेऑफमध्ये गेले. आणि इकडे सोटोनं क्लीव्हलँडला दहाव्या इनिंगमध्ये तीन रनांचा होम रन (आपल्या सिक्सरसारखा बाहेर गेलेला फटका) मारून यांकीजना वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. दोघांनाही जे पाहिजे होतं ते मिळालं. कोण जिंकलं हा प्रश्नच मला इथे चुकीचा वाटतो, रेघेच्या दोन्ही बाजू भरलेल्या आहेत. मग तोच सोटो २०२४ च्या डिसेंबरात फ्री एजंट म्हणून आमच्या मेट्सकडे आला, १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर. यांकीजची ऑफर १६ वर्षं आणि ७६ कोटींची होती, म्हणजे फरक फार नव्हता. रविवारी रात्री बातमी आली तेव्हा माझा मुलगा जिन्यावरून ओरडत खाली आला होता.

पण बातमी आली म्हणजे झालं असं नाही, हे मेट्सच्या माणसाला कुणी शिकवायला नको. डिसेंबर २०२२, कार्लोस कोरिया. सान फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर ठरलं, १३ वर्षं, ३५ कोटी डॉलर. पत्रकार परिषदेचा दिवस उजाडला आणि ती रद्द झाली, कारण मेडिकल, २०१४ मध्ये त्याच्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालं होतं ते डॉक्टरांना खटकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर बायकोनं चहाच्या आधी फोन हातात दिला, कोरिया मेट्समध्ये, १२ वर्षं, ३१ कोटी ५० लाख! रात्रीत ठरलं होतं. मी त्या दिवशी गाडीत सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा बोलत होतो. आणि मग आमच्याही डॉक्टरांनी तोच पाय बघितला. साखरपुडा होऊन मोडावा आणि दुसऱ्या घरी होऊन पुन्हा मोडावा तसं झालं, शेवटी जानेवारीत तो आधीच्याच मिनेसोटा ट्विन्सकडे गेला, ६ वर्षं, २० कोटी. त्या तीन आठवड्यांत आम्ही सगळे पायाच्या हाडावर बोलत होतो, आणि तो पाय ज्याचा होता त्या माणसाला, अठ्ठाविसाव्या वर्षी, सगळा देश आपला एक्स-रे चघळतोय हे बघताना काय वाटलं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करतो.

तसा एकदा आधीही करायला लागला होता. हा प्रसंग हिवाळ्यातला नाही, जुलैच्या ट्रेड डेडलाइनचा, म्हणजे सीझनमध्ये ट्रेड करायच्या शेवटच्या मुदतीचा आहे, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २९ जुलै २०१५, मेट्सच्या सिटी फील्ड मैदानावर मॅच चालू होती आणि लोकांच्या फोनवर बातमी आली की विल्मर फ्लोरेस आणि झॅक व्हीलरला देऊन मेट्स मिलवॉकीचा कार्लोस गोमेझ घेतायत. फ्लोरेस व्हेनेझुएलाचा, सोळाव्या वर्षी मेट्सनी साइन केलेला, त्याला दुसरं घरच माहीत नव्हतं. तो बॅटिंगला आला तर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, निरोप म्हणून. त्याला टीमनं काही सांगितलेलं नव्हतं, स्टँडमधल्या लोकांकडून त्याला ते कळलं. मग तो फिल्डिंगला शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जाऊन उभा राहिला आणि टीव्हीवर आम्ही बघितलं, तो बाहीनं डोळे पुसतोय, पुढचा बॉल पडायची वेळ झालीय आणि तो पुसतोच आहे. त्या रात्री गोमेझच्या मेडिकलवरून ट्रेड मोडला. दोन दिवसांनी वॉशिंग्टनविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये याच फ्लोरेसनं होम रन मारून मॅच संपवली आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचं मेट्स हे नाव मुठीत धरून ओढलं. टाळ्या वाजवणारे लोक वाईट नव्हते हो, प्रेमानंच वाजवत होते, पण बातमी आपल्याला आधी आणि ज्याचं आयुष्य आहे त्याला नंतर, हे बरोबर नाही.

आणि खेळाडूला ही निवड करायची खुर्ची मिळाली तीसुद्धा अशी सहज नाही मिळालेली. आधी एकदा टीमनं साइन केलं की ती टीम म्हणेल तोपर्यंत तुम्ही तिचे, वाटलं तर विकणार, वाटलं तर बदलून टाकणार. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईस कार्डिनल्सनी बारा सीझन खेळलेल्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं आणि तो म्हणाला मी जाणार नाही. २४ डिसेंबरला त्यानं कमिशनरला पत्र लिहिलं, की माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी नि विकावी अशी मी मालमत्ता नाही. एक काळा माणूस अमेरिकेत हे लिहितोय, त्या शब्दांचं वजन लक्षात घ्या. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला, त्याचं करिअर त्यात गेलं. तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचर्सच्या बाजूनं लवादाचा निकाल लागला आणि फ्री एजन्सीचं दार उघडलं. आज सोटोला दोन घरं समोर ठेवून एक निवडता आलं ते तिथून.

आता तुमचा अलोन्सो. त्याच्या नावावर मेट्सचे सगळ्यात जास्त होम रन आहेत, त्यामुळे त्याला जाऊ देऊ नये असंच मला मनातून वाटतं. पण पाकीट काढा. पुढच्या महिन्यात तो एकतीसचा होतोय, खेळतो फर्स्ट बेसला, आणि त्या जागेवरच्या तिशीपुढच्या माणसाला लांब कॉन्ट्रॅक्ट द्यायला टीम्स कचरतात. गेल्या हिवाळ्यात तो फेब्रुवारीपर्यंत ताटकळला आणि शेवटी २ वर्षं, ५ कोटी ४० लाखांवर आला, त्यातलं दुसरं वर्ष सोडून तो आता पुन्हा बाजारात आलाय. त्याच्या खुर्चीत बसलो तर मी म्हणेन, जो पाच वर्षं देईल त्याच्याकडे जाईन, आणि तसं झालं तर मी त्याच्यावर रागावणार नाहीये.

शेवटी टोरांटोचं सांगतो, तुमच्यापैकी काहींचे नातेवाईक तिकडे आहेत. ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. बातमी आली की पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा जपानी स्टार शोहेई ओहतानी टोरांटोला निघालाय, तिथल्या ब्लू जेज टीमशी करार करायला. कॅलिफोर्नियाहून टोरांटोला जाणारं एक खाजगी विमान लोकांनी शोधून काढलं आणि हजारो लोक नकाशावरचा तो ठिपका सरकताना बघत बसले, टोरांटोतला माझा भाऊसुद्धा, ऑफिसातलं काम बाजूला ठेवून. विमान उतरलं, दार उघडलं, आणि आतून आला शार्क टँकमधला रॉबर्ट हर्जावेक, मुलांना घेऊन घरी परतत होता. दुसऱ्या दिवशी ओहतानीनं इन्स्टाग्रामवर सांगितलं की तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे जातोय, १० वर्षं, ७० कोटी, त्यातले ६८ कोटी तो २०३४ पासून पुढे घेणार. भाऊ मला म्हणाला, त्या ठिपक्याबरोबर मी मनात त्याची जर्सीपण घेऊन ठेवली होती रे.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, वर्ल्ड सिरीजमध्ये तेच डॉजर्स टोरांटोला आले. पहिल्या मॅचला ब्लू जेज खूप पुढे होते आणि ओहतानी बॅटिंगला उभा राहिला तेव्हा स्टेडियम एका आवाजात ओरडायला लागलं, आम्हाला तुझी गरज नाही. सातव्या मॅचला, १ नोव्हेंबरला, पिचिंगला ओहतानी होता आणि बो बिचेटनं त्याला तीन रनांचा होम रन मारला. भावानं फोन केला पण बोलला काहीच नाही, नुसता मागचा आरडाओरडा ऐकू येत होता. अकराव्या इनिंगमध्ये जेज ५-४ नं हरले. आणि मॅच संपली तसं बिचेटचं टोरांटोशी असलेलं कॉन्ट्रॅक्टही संपलं, तो आता फ्री एजंट आहे. काल रात्री भावाचा मेसेज आला, त्यानं पाकिटाचा फोटो पाठवलाय, मधोमध रेघ, आणि उजव्या बाजूला बिचेटला काय काय हवं असेल याची यादी.